काचेचा जोडधंदा



गेल्या वर्षी वैशाखातल्या एका रविवारी सकाळी माझ्या दिवंगत मित्राचा मुलगा मुलुंडला घरी आला. हातात प्लास्टिकचे एक फोल्डर होते. त्यात तीन कोटेशने आणि त्यांच्या खाली त्याच्या आईच्या नावाची, सव्वा लाख रुपयांच्या मुदत ठेवीची पावती. मुलगा दिवसभर घाटकोपरला आपल्या काकांच्या होजिअरीच्या पेढीवर बसतो. संध्याकाळी साडेसातला शटर खाली आले की तो मोकळा, आणि रविवार पूर्ण मोकळा. या वेळेत स्वतःचे काही करावे ही त्याची इच्छा स्वाभाविक होती. त्याने निवडलेला उद्योग मात्र मला नवा होता. मोटारीच्या पुढच्या काचेवर खडा आदळून टवका उडतो, तो रेझिन भरून दुरुस्त करण्याचा.

“काका, तिन्हींपैकी कोणता सेट घेऊ, एवढेच सांगा,” तो म्हणाला. सर्वांत महाग कोटेशनची रक्कम पावतीच्या रकमेच्या अगदी जवळ जात होती, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. चौतीस वर्षे कर्जाच्या फायली वाचल्यावर नजर आपोआप अशाच जागी जाते.

मी लगेच उत्तर दिले नाही, कारण मला १९९० च्या दशकातली एक फाईल आठवली. भांडुपच्या एका औद्योगिक गाळ्यात एका होतकरू गृहस्थांनी प्लास्टिक मोल्डिंगचे यंत्र बसवले होते. यंत्र उत्तम, कागदपत्रे चोख, मंजुरीवर सही माझी. त्या यंत्रातून निघणारा माल कोण घेणार, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता आणि मीही त्यांना विचारला नव्हता. दीड वर्षाने यंत्र निम्म्याहून कमी किमतीत विकले गेले. शेवटचा भरणा करायला त्यांच्या पत्नी आल्या होत्या. त्यांनी पैसे मोजून दिले, पावती घेतली आणि माझ्याकडे न पाहता त्या निघून गेल्या. तो प्रसंग मी विसरलेलो नाही.

म्हणून मी मुलाला सांगितले, “पावती आधी वहिनींच्या कपाटात परत ठेव. सेटचे नंतर बघू.” तो थोडा हिरमुसला. पण चहा न घेता गेला नाही, हे त्याचे भले लक्षण.

या विषयात मी अडाणी होतो, म्हणून पुढचे दोन आठवडे आम्ही दोघांनी मिळून अभ्यास केला. मोटारीची पुढची काच एकपदरी नसते. सुमारे दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा मिलिमीटरहूनही पातळ पडदा दाबून बसवलेला असतो. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून १९०३ मध्ये प्रयोगशाळेत एक चंबू पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून चिकटलेला होता. त्यावरून त्याला अशा काचेची कल्पना सुचली, अशी हकीकत सांगितली जाते. १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतले. खडा लागतो तेव्हा बहुधा फक्त बाहेरची काच फुटते आणि त्या फटीत हवा शिरते. ती हवा चकाकते, म्हणून टवका आपल्याला दिसतो. हवा ओढून काढायची, तिच्या जागी काचेइतकाच प्रकाश वाकवणारे पातळ रेझिन दाबून भरायचे आणि अतिनील किरणांनी ते घट्ट करायचे, एवढीच ही विद्या. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी ती धंद्याच्या रूपात आली. गाडीच्या बाजूच्या व मागच्या काचा बहुधा निराळ्या जातीच्या, टफन्ड असतात. त्या फुटल्या की त्यांचा चुरा होतो, तेथे ही विद्या चालत नाही. मागची काच घेऊन गिऱ्हाईक येणारच, त्याला नम्रपणे परत पाठवावे लागते.

नंतर मोजणी. सेटचा विचार करण्याआधी तीन रविवार त्याने घाटकोपर पूर्वेपासून मुलुंडपर्यंतच्या सोसायट्यांच्या आवारात, मॉलच्या पार्किंगमध्ये आणि दोन सर्व्हिस सेंटरच्या बाहेर उभे राहून काचा पाहिल्या व वहीत टिपून ठेवल्या. मला वाटले होते की शहरात इतके बांधकाम आणि मेट्रोचे इतके काम चालू आहे, तेव्हा टवके शहरातच उडत असतील. तसे नव्हते. टवका उडायला वेग लागतो, आणि लालबहादूर शास्त्री मार्गावर संध्याकाळी वेग कुठला? मालकांशी बोलल्यावर कळले की बहुतेक खडे नाशिक रस्त्यावर, अहमदाबाद महामार्गावर नाहीतर पुणे द्रुतगती मार्गावर लागले होते. पुढच्या डंपरमधून सांडलेली खडी किंवा शेजारच्या चाकाखालून उडालेला दगड. सुट्टीत मांगीतुंगी किंवा पालिताण्याहून परतलेल्या गाड्या आपल्या ओळखीतही किती असतात! म्हणजे गिऱ्हाईक सोमवारी-मंगळवारी जागे होते आणि काम संध्याकाळी मागते. जोडधंद्याला ही वेळ सोयीची होती.

मोजणीतला दुसरा निष्कर्ष मात्र त्याला आवडला नाही. टवका किंवा तडा असलेल्या काचांपैकी निम्म्याहून अधिक दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या होत्या. टवका लहान असताना कोणी लक्ष दिले नव्हते. मग दुपारच्या उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडला गेला, आणि तडा कडेपर्यंत धावला. ब्रिटनमध्ये गाडीच्या वार्षिक तपासणीत यासाठी नेमके माप आहे. चालकाच्या समोरच्या २९० मिलिमीटर रुंद पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठा आणि वायपर फिरतो त्या उरलेल्या भागात ४० मिलिमीटरपेक्षा मोठा दोष चालत नाही. आम्ही धंद्यासाठी त्याहूनही कडक नियम केला. चालकाच्या नजरेसमोर, काचेच्या कडेला, आतल्या पदरापर्यंत गेलेला किंवा पुढच्या कॅमेऱ्याच्या आड येणारा टवका घ्यायचा नाही. या कामात कमाईइतकेच नकारालाही महत्त्व आहे, हे त्याला पटायला वेळ लागला. व्यापाऱ्याच्या मुलाला दारात आलेले गिऱ्हाईक परत पाठवणे जड जाते. मला त्याचा स्वभाव समजतो.

आता सेट. बाजारात काही शे रुपयांची एकदाच वापरायची पुडी मिळते आणि दीड लाखाच्या आसपासची, विजेच्या पंपाची पेटीही मिळते. आमच्या तीन कोटेशनांत एक स्वस्त, एक मधले आणि एक महाग होते. माहितीपत्रकांत तिन्ही सारखीच चकाकत होती. आम्ही माहितीपत्रके बाजूला ठेवली आणि अवजारे एकेक करून हातात घेतली.

मुख्य अवजार ब्रिज. काचेला रबरी कपाने चिकटणारी ही घोडी, आणि तिच्या टोकाला इंजेक्टर. मोटारीची काच वाकडी असते, म्हणून घोडीचे पाय कमी-जास्त करता आले पाहिजेत, नाहीतर इंजेक्टरचे तोंड टवक्यावर सरळ बसत नाही आणि रेझिन बाजूने ओघळते. स्वस्त सेटमध्ये घोडी प्लास्टिकची होती. मी मुलाला म्हटले, दुकानदाराकडे तासभर बसू दे आणि तुझ्या गाडीच्या तापलेल्या काचेवर ती चिकटवून बघ. पंचवीस मिनिटांत कप सुटला. धातूची घोडी तासभर हलली नाही. ही परीक्षा फुकटातली आहे, पण विकत घेणारे ती क्वचितच करतात.

इंजेक्टरमध्ये दट्ट्या असतो. तो मागे घेतला की हवा ओढली जाते, पुढे दाबला की रेझिन आत जाते. हे चक्र पुन्हा पुन्हा करावे लागते, आणि टवक्याच्या बारीक फांद्या त्यामुळेच भरतात. महागड्या पेटीत हेच काम विजेचा पंप करीत होता. पण मूळ प्रश्न दट्ट्यावरच्या ओ-रिंगचा होता. ही रबरी कडी रेझिनने फुगते, झिजते आणि एकदा सैल झाली की हवा ओढली जात नाही. म्हणून विक्रेत्यांना विचारायचा पहिला प्रश्न मी लिहून दिला, “ओ-रिंग सुटी मिळते का, आणि किती दिवसांत?” स्वस्तवाला म्हणाला, नवा सेटच घ्या. महागवाला म्हणाला, परदेशातून मागवावी लागेल. मधल्या विक्रेत्याने खणातून पुडी काढून टेबलावर ठेवली. माझा कल तेव्हाच ठरला होता, पण मी गप्प राहिलो.

रेझिनचेही तेच. पातळ रेझिन चांदणीसारख्या बारीक तड्यांसाठी, दाट रेझिन गोल टवक्यासाठी आणि वरचा खड्डा भरायला आणखी दाट, अशा तीन बाटल्या लागतात. ते उजेडाने घट्ट होते, म्हणून बाटली काळी किंवा गडद असते आणि तिच्यावर मुदत असते. आमच्या व्यापारी घरांत माल स्वस्तात मिळाला की पेटीभर घ्यायची सवय असते. येथे ती नुकसानीची. एका दुरुस्तीला काही थेंबच लागतात. मुदत संपलेले रेझिन भरले तर काच पुढच्या उन्हाळ्यात पिवळी पडेल आणि तोपर्यंत तुमचे नावही पिवळे झालेले असेल.

दिव्याच्या बाबतीत मुलगा चुकत होता. उन्हात रेझिन आपोआप घट्ट होते, म्हणून दिव्याचे पैसे वाचवावेत असे त्याचे म्हणणे. मी विचारले, “तू काम कधी करणार? रात्री आठनंतर, सोसायटीच्या तळघरात. तिथे ऊन कोणाच्या घरचे येणार?” आणि जुलैत तर दिवसाही भरवसा नाही. बॅटरीवर चालणारा अतिनील दिवा, वर ठेवायची दुसरी बॅटरी, तपासायला एक साधा टॉर्च आणि काचेच्या आतून बघायला एक आरसा, एवढे आम्ही अनिवार्य ठरवले. विजेचा पंप मात्र वगळला, आणि त्याला कारण मुंबईचा नकाशा. तळघरात प्लग शोधत फिरावे लागते, शिवाय पेटीचे वजन. मुलगा स्कूटरवर जाणार, कधी ठाण्याकडच्या लोकलने जाणार. पिशवी खांद्यावर अडकली पाहिजे. त्याच कारणाने आम्ही क्षेत्रही आखले, घाटकोपर ते मुलुंड. अंधेरी-बोरिवलीची कामे बोलावतील, पण गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे काम अजून पूर्ण व्हायचे आहे आणि संध्याकाळी जोगेश्वरी-विक्रोळी रस्ता ओलांडण्यात एका कामाचा वेळ जातो.

शेवटी मधला सेट घेतला, तोही लगेच नव्हे. काच बदलणाऱ्या कारागिरांकडे उतरवलेल्या फुटक्या काचा पडून असतात. त्यातल्या सहा त्याने जवळजवळ फुकट आणल्या, गच्चीवर मांडल्या, खिळा आणि हातोडीने टवके उडवले आणि मधल्या विक्रेत्याने चाचणीसाठी दिलेल्या इंजेक्टरने ते भरले. पहिले वीस-बावीस हास्यास्पद झाले. मग हात बसला. सेटचे पैसे त्याने स्वतःच्या बचतीतून दिले. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत तारणाविना कर्ज मिळते, हे मी त्याला सांगितले होते. त्याने ते घेतले नाही. आणि खरोखर गरज पडलीच तर ठेव मोडण्यापेक्षा ठेवीवर कर्ज घेणे पुष्कळदा स्वस्त पडते, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. मुदतीपूर्वी ठेव मोडली तर व्याजाचा दर कमी होतो आणि वर दंड बसतो.

गिऱ्हाईक पैसे का देईल, याचा हिशेब मला सर्वांत रंजक वाटला. विमा असताना कोणी खिशातून का खर्च करावा? विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, हे खरे. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १,००० रुपये आणि त्यावरील गाडीला २,००० रुपये तेवढे स्वतः सोसावे लागतात. पण दावा केला की नो क्लेम बोनस जातो. समजा, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमाहप्ता १२,००० रुपये आहे आणि मालकाला ५० टक्के बोनस मिळतो, म्हणजे वर्षाला ६,००० रुपये वाचतात. काचेसाठी दावा केला तर पुढच्या वर्षी बोनस शून्य. नंतर तो २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्यांनी चढत पुन्हा ५० वर येतो. तोवर मालकाने जादा भरलेली रक्कम ६,००० अधिक ३,६०० अधिक ३,००० अधिक १,८०० अधिक ६००, एकूण १५,००० रुपये. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरते, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल. आणि पॉलिसीत बोनस संरक्षणाची जोड घेतली असेल तर हा हिशेब लागूच होत नाही. तरीही, लहान टवक्यासाठी पंधरा हजारांचा बोनस घालवायचा की शेकड्यांत होणारी दुरुस्ती करून घ्यायची, हे मी मुलाला एका कार्डावर छापून दिले. त्याच्या हातातील अवजारांइतकाच त्या कार्डाचा उपयोग झाला. ज्या नव्या गाड्यांना काचेमागे कॅमेरा असतो त्यांची काच बदलल्यावर कॅमेऱ्याची जुळणी पुन्हा करावी लागते, आणि तो खर्च वेगळा.

कराबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात सेवेची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. पण उलाढाल पॅनवर मोजली जाते. वाचकांपैकी ज्यांची स्वतःच्या पॅनवर नोंदणीकृत पेढी आहे, त्यांनी असा जोडधंदा त्याच नावावर सुरू केला तर पहिल्या बिलापासून जीएसटी लावावा लागेल. या मुलाचे पॅन वेगळे, पेढी काकांची, म्हणून त्याला अडचण आली नाही. सेटवर आयकरात १५ टक्के घसारा मिळतो; वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा.

सेटच्या किमतीखेरीज आणखी एक रक्कम मी आग्रहाने बाजूला ठेवायला लावली होती, एका मध्यम गाडीच्या काचेची किंमत. मुलाला ते पैसे पडून राहिल्यासारखे वाटत. श्रावणात त्याचा उपयोग झाला. घाटकोपरला ओळखीच्या एका गृहस्थांची गाडी रात्री नऊला तळघरात उभी होती. टवक्यात पावसाचे पाणी शिरलेले, आणि ओलावा राहिला तर रेझिन नीट धरत नाही. ओलावा हळूहळू, लांबून ऊब देऊन काढायचा असतो. घरी जायची घाई, म्हणून त्याने गरम हवेचे यंत्र जवळ नेले. काचेतून बारीकसा आवाज आला आणि तडा त्याच्या डोळ्यांदेखत कडेपर्यंत गेला. गृहस्थ शेजारीच उभे होते. ‘दुरुस्ती करताना तडा वाढू शकतो, खूण पूर्णपणे नाहीशी होत नाही’ अशी चिठ्ठी आम्ही छापून ठेवली होती. ओळखीच्या माणसाची सही कशी घ्यायची, म्हणून ती पिशवीतच राहिली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने नवी काच बसवून दिली आणि पैसे स्वतः भरले. गृहस्थांनी आभार मानले. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही.

त्या रात्री साडेअकराला वहिनींचा मला फोन आला होता. “भावजी, ठेव मोडायला लागेल का?” एवढेच त्यांनी विचारले. मी नाही म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला.

आता दहा महिने झाले. सेटचे पैसे वसूल झाले आहेत. स्वतःच्या श्रमाचे मोल मुलाने अजून धरलेले नाही, हे मी त्याला दर भेटीत ऐकवतो. ठेव गेल्या महिन्यात वहिनींनी पुन्हा नूतनीकरण करून घेतली. रेझिनच्या बाटल्या थंड जागी ठेवाव्या लागतात, म्हणून मुलाने त्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजच्या दारात ठेवल्या होत्या. वहिनींनी त्या बाहेर काढल्या आणि “हे रसायन माझ्या दुधाशेजारी नको” असे बजावले. सध्या त्या एका पत्र्याच्या डब्यात, बैठकीतल्या कपाटाच्या तळाशी आहेत.

मागच्या रविवारी मुलगा पुन्हा फोल्डर घेऊन आला होता. त्यात एकच कोटेशन, विजेच्या पंपाचे. मी म्हटले, “आधी वही आण. कोणत्या महिन्यात किती कामे आली, किती परत पाठवली आणि पंप नसल्यामुळे कोणते काम अडले, ते बघू.” वही घेऊन येतो म्हणाला आहे.